खळाळत्या पाण्यासाठी कॅनो: प्लास्टिकची घ्यावी की फायबरची?

प्लास्टिकची कॅनो झिजते, फायबरची फुटते. झिजलेलं प्लास्टिक पुन्हा भरून येत नाही. फुटलेलं फायबर मात्र घरच्या मागच्या अंगणात, कापड आणि रेझिन घेऊन पुन्हा उभं करता येतं. बोट निवडताना हा फरक सगळ्यात आधी डोक्यात ठेवावा, कारण वजन, वेग, किंमत या बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात. नागपूरकरांना तर त्याची जास्तच गरज आहे. आपल्याकडे खळाळतं पाणी लांब, ऊन कडक आणि कॅनोचं दुकान गावात नाही. पण फायबरचं सामान मात्र हाताशी आहे.

इथे कॅनो म्हणजे गुडघ्यांवर बसून एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची बोट. वरून उघडी असलेली एकट्याची कॅनो आणि वरून बंद असलेली सी-वन, म्हणजे स्लॅलमची (प्रवाहावर टांगलेल्या गेटमधून वळत जायच्या शर्यतीची) एकट्याची कॅनो, या दोन्ही त्यात आल्या. कयाकमध्ये पाय लांब करून बसतात आणि वल्ह्याला दोन पाती असतात, पण खाली साहित्याबद्दल जे लिहिलंय ते कयाकलाही जसंच्या तसं लागू पडतं.

आधी बोट कशाची आहे ते ओळखा

‘प्लास्टिक’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. दुरुस्तीची वेळ आली की त्यांची गल्लत महाग पडते.

पहिलं पॉलिएथिलिन. गच्चीवरची पाण्याची टाकी बनते त्याच पद्धतीने या बोटी बनतात. साच्यात पावडर भरायची, साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवायचा, पावडर वितळून साच्याच्या भिंतीला चिकटते, थंड झाल्यावर बोट बाहेर काढायची. टाकीसारखेच यातही एका थराचे आणि मध्ये फोम असलेले तीन थरांचे प्रकार असतात. पॉलिएथिलिनमध्येही दोन जाती आहेत. लिनिअर वितळतं, म्हणून त्याला वेल्डिंग होतं. क्रॉसलिंक्ड जास्त चिवट असतं, पण गरम केल्यावर वाहत नाही, त्यामुळे ते वेल्ड होत नाही.

दुसरं एबीएस या कडक प्लास्टिकचं सँडविच, म्हणजे मध्ये एबीएसचा फोम, दोन्ही बाजूंना एबीएसचे पत्रे आणि वर संरक्षक थर. रॉयलेक्स हे यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. त्याचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, त्यामुळे आज जी रॉयलेक्सची कॅनो दिसेल ती जुनीच असणार. पुढे कॅनडातल्या एस्किफ कंपनीने टी-फॉर्मेक्स नावाने त्याच धर्तीचं साहित्य आणलं.

तिसरा गट कंपोझिटचा, ज्याला आपण सरसकट फायबर म्हणतो: काच, अरॅमिड (केव्हलार हे त्याचंच व्यापारी नाव) किंवा कार्बनचं कापड आणि त्याला बांधून ठेवणारं पॉलिएस्टर, व्हिनाइलएस्टर किंवा इपॉक्सी रेझिन.

ओळखण्यासाठी आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी ब्लेडने नखाएवढी खरवड काढा. ती पाण्यात टाका. पॉलिएथिलिनची घनता ०.९५ च्या आसपास असल्याने ते तरंगतं. एबीएसच्या सलग पत्र्याची खरवड बुडते. मग ती खरवड बोटीपासून लांब नेऊन पेटवा. पॉलिएथिलिनला मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो आणि थेंब गळतात, एबीएसला काजळीचा दाट काळा धूर येतो. तरंगलेली खरवड लिनिअर की क्रॉसलिंक्ड हे कळायला दुसरा तुकडा गरम सोल्डरिंग आयर्नवर धरा. लिनिअर वितळून पसरतं, क्रॉसलिंक्ड रबरासारखं मऊ होतं आणि शेवटी करपतं, पण वाहत नाही. ही चाचणी विकत घेण्याआधी करण्याची परवानगी विकणाऱ्याकडून मागून घ्या. प्रामाणिक माणूस नाही म्हणणार नाही.

खडकावर आपटल्यावर आत काय घडतं

पॉलिएथिलिन आघात वाकून पचवतं. भिंत ५ ते ७ मिलिमीटर जाड असते, खडकावर दबते, पुढे घसरते आणि परत बाहेर येते. पृष्ठभाग मुळातच निसरडा असल्याने उथळ पाण्यात दगडावरून सरकताना बोट अडकत नाही. शिकणाऱ्याला याचा फार मोठा आधार असतो. जिथे फायबरची बोट खरखरत थांबते आणि प्रवाहाला आडवी होते, तिथे प्लास्टिकची निघून जाते.

याची दुसरी बाजू गंभीर आहे. प्रवाहाने बोट मोठ्या दगडावर आडवी दाबून धरली तर पॉलिएथिलिन दगडाभोवती दुमडतं. तुटत नाही, दुमडतं, आणि आत पाय अडकू शकतात. म्हणून बंद डेकच्या, म्हणजे वरून झाकलेल्या, प्लास्टिक बोटीत पुढे-मागे उभ्या फोमच्या भिंती असतात. त्या काढून ‘सामानाला जागा’ करणं हा जिवावरचा खेळ आहे. उघड्या कॅनोत हा धोका एअरबॅग, म्हणजे हवा भरलेल्या पिशव्या, कमी करतात. त्या पाणी बाहेर ठेवतात. एअरबॅग नसलेल्या, पाण्याने भरलेल्या एकट्याच्या कॅनोत दोन-तीनशे लिटर पाणी सहज मावतं, म्हणजे तितकेच किलो वजन प्रवाहासोबत दगडाकडे निघालेलं असतं. बोट कशाचीही असो, फुगवलेल्या आणि दोरीने जाळीत बांधलेल्या एअरबॅगशिवाय ती खळाळात उतरवू नये.

फायबर कमी वाकतं. आघात मर्यादेत असेल तर काहीच होत नाही. मर्यादा ओलांडली की तडा जातो. मर्यादा कुठे आहे हे कापडांच्या क्रमावर ठरतं. बाहेरून दगड लागला की भिंत आत दबते. त्या क्षणी बाहेरचा थर चेपला जातो आणि आतला थर ताणला जातो. काच चेपण सहन करते, शिवाय तिला घासता येतं. अरॅमिड चेपण्यात कमकुवत पण ताणात जबरदस्त आहे, काच फुटली तरी तो फाटत नाही. म्हणून खळाळाच्या चांगल्या कॅनोत बाहेर काच आणि आत अरॅमिड असतो. अशी बोट फुटली तरी तुकडे एकमेकांना धरून राहतात आणि टेप लावून किनारा गाठता येतो. निव्वळ कार्बनची बोट सगळ्यात ताठ आणि हलकी. पण कार्बन इशारा न देता तुटतो आणि कडा धारदार राहतात. दगडाळ, उथळ नदीसाठी निव्वळ कार्बन घेऊ नये. विकणारा ‘केव्हलारची आहे’ म्हणाला की लगेच विचारा: अरॅमिड आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर दगडावर घासून त्याचे धागे पिंजतील आणि घासकागदाने ते कधीच साफ होणार नाहीत.

वजन आणि चाल

काचेचं लॅमिनेट, म्हणजे रेझिनने बांधलेले कापडाचे थर, पॉलिएथिलिनपेक्षा साधारण पंधरा-वीस पट ताठ असतं. पण भिंतीचा वाकण्याविरुद्धचा जोर जाडीच्या घनावर वाढतो, म्हणून प्लास्टिकवाले जाडी वाढवून ती कसर भरून काढतात. अर्थात वजनही त्यासोबत येतं. एकट्याची पॉलिएथिलिन कॅनो सॅडल (गुडघ्यांवर बसताना टेकायची बैठक), पट्टे आणि एअरबॅगसह वीस ते सत्तावीस किलोंच्या घरात जाते, तशाच आकाराची फायबरची चौदा ते अठरा किलोंत बसते. स्लॅलमची सी-वन तर आठ-दहा किलोंचीच असते. लांबी किमान ३.५ मीटर आणि रुंदी किमान ६० सेंटिमीटर हवी हा आंतरराष्ट्रीय नियम असल्याने हलकेपणा फक्त साहित्यातूनच आणता येतो. म्हणून स्पर्धेत प्लास्टिक दिसत नाही.

फरक वजनापुरताच नाही. फिरत्या साच्यात पावडर टोकदार कोपऱ्यात नीट जात नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या बोटीच्या कडा गोलसर राहतात. फायबरची कड धारदार करता येते. एडीच्या, म्हणजे दगडामागे उलट फिरणाऱ्या पाण्याच्या, रेषेत बोट कलवली की ती कड पाणी पकडते आणि बोट जागच्या जागी वळते. सरावलेल्या माणसाला हे वरदान वाटतं. नवशिक्याला तीच कड उलटवते, कारण प्रवाहाच्या बाजूची कड थोडी जरी खाली गेली तरी पाणी तिच्यावर चढतं. पहिल्या वर्षी गोल कडेची बोट चालवावी, असं आमचं ठाम मत आहे.

साच्याच्या किमतीचाही परिणाम बोटीवर होतो. पॉलिएथिलिनचा धातूचा साचा महाग, त्यामुळे एकच आकार हजारोंनी काढावा लागतो. फायबरचा साचा फायबरचाच, म्हणून लहान कारागीरही पन्नास किलोंच्या माणसासाठी वेगळी आणि नव्वद किलोंच्या माणसासाठी वेगळी बोट करू शकतो, आणि नेमकं तुमच्या गुडघ्याखाली जास्तीचं कापड घालू शकतो.

नागपूरचं ऊन

बाहेरच्या देशांतल्या मार्गदर्शिकांत या मुद्द्याला फारशी जागा नसते, आपल्याकडे तो पहिल्या ओळीत यायला हवा. मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या बोटीची भिंत त्याहून कितीतरी जास्त तापते. पॉलिएथिलिन ५०-६० अंशांपर्यंत गेलं की त्याचा ताठपणा निम्म्याच्या आसपास येतो, आणि अशा मऊ अवस्थेत सतत दाब असेल तर वाक कायमचा बसतो. बोट दोन विटांवर पालथी ठेवून लग्नसराईला गावी गेलात तर परत आल्यावर तळाला दोन खड्डे मिळतील. तळ असा आत-बाहेर ‘टक्क’ वाजायला लागला की बोट पाण्यात हळू होते आणि वळताना भरकटते.

अतिनील किरणांनी पॉलिएथिलिन ठिसूळ होतं, अरॅमिड पिवळा पडून कमकुवत होतो आणि इपॉक्सी खडूसारखी भुरभुरते. पॉलिएस्टर जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा रंगीत थर, त्यातल्या त्यात तग धरतो, पण त्याचीही चमक जाते. उन्हातलं आणखी एक नुकसान कमी लोकांना माहीत असतं: सॅडल आणि गुडघ्यांचे पॅड चिकटवलेलं रबर ॲडेसिव्ह बंद गाडीच्या उष्णतेत सुटतं. खळाळाच्या मध्यात सॅडल हाताशी येणं म्हणजे बोटीवरचा ताबा गेला. पॉलिएथिलिनला असं ॲडेसिव्ह मुळात नीट धरतच नाही, म्हणून त्यात सॅडल बोल्ट आणि आडव्या दांडीवर बसवा. फायबरमध्ये पॅडखालचा भाग ८० नंबरच्या घासकागदाने खरवडून चिकटवा आणि सॅडलच्या कडेला काचेच्या कापडाच्या दोन पट्ट्या इपॉक्सीने मारा.

कुठल्या पाण्याला काय

नागपूर दख्खनच्या बेसाल्ट पठाराच्या पूर्व काठावर आहे. पश्चिमेकडच्या नद्यांत बेसाल्ट, म्हणजे काळा, कोनेदार, घासणारा दगड. पूर्वेकडे आणि पेंच-कन्हानच्या पट्ट्यात जुने ग्रॅनाइटसारखे खडक आणि बरीच वाळू. पावसाळ्यानंतर पाणी झपाट्याने उतरतं आणि उथळ दगडांवरून बोट घासत न्यावी लागते. अशा पाण्यासाठी पॉलिएथिलिनच घ्या. वाळू प्लास्टिकला घासते पण फोडत नाही.

कोलाडच्या कुंडलिकेवर भिरा जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. पाणी रोज येतं, पुरेसं खोल असतं, पण नागपूरहून ते सातशे किलोमीटरांपेक्षा जास्त लांब आहे. इतक्या लांब जाऊन बोट फुटली तर सहलच संपते, म्हणून तिथे प्लास्टिक न्या. ऋषिकेशच्या गंगेसाठीही तेच.

नर्मदेवर महेश्वरची सहस्रधारा वेगळी. तिथे कॅनो स्लॅलमच्या स्पर्धा होतात. २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतलं स्लॅलमही तिथेच झालं. गेटमधून नेमकं वळायचं असेल तर फायबरला पर्याय नाही. ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून महिलांची सी-वनही आली आहे, त्यामुळे मुलींसाठी या बोटीचा विचार आता स्पर्धेच्या दृष्टीनेही करावा. सराव फायबरवर करायचा असेल तरी पहिला हंगाम जुन्या, जड काचेच्या बोटीवर काढा आणि हलकी बोट स्पर्धेसाठी ठेवा.

शहराजवळच्या तलावावर शिकायचं असेल, तर तलाव ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे तिची परवानगी आधी घ्या. पेंचचा संरक्षित भाग तर वनखात्याच्या नियमांखालीच येतो. शांत पाण्यात दगड नसतात, त्यामुळे तिथे स्वस्त, जुनी, पॉलिएस्टर-काचेची बोटही वर्षानुवर्षं चालते. वल्ह्याचे फटके, कलवणं आणि उलटल्यावर सावरणं हे सगळं तिच्यावर शिकून होतं.

एक इशारा इथेच द्यायला हवा. विदर्भातल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत. वरून एकसारखा पडणारा पाण्याचा पडदा साधा दिसतो, पण खाली पाणी मागे फिरत राहतं आणि त्यात सापडलेली बोट व माणूस दोन्ही बाहेर पडत नाहीत. कुठलंही साहित्य इथे वाचवत नाही. बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागा आणि बोट उचलून पुढे न्या. बोट उचलण्याची वेळ आली की हलकी फायबर सोन्यासारखी वाटते, हेही खरं.

फायबरची दुरुस्ती

फायबरच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. औद्योगिक भागात फायबरचं, म्हणजे एफआरपीचं काम करणारे कारागीर असतात, मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) आणि रेझिन सुटं मिळतं. पण टाकी किंवा छपराचं काम करणाऱ्याकडे बोट देताना नीट सांगा, नाहीतर तो जाड मॅट आणि पॉलिएस्टर थापून देईल. मॅट भरपूर रेझिन पितो, वजन वाढतं आणि तो भाग ठिसूळ होतो. बोटीसाठी विणलेलं कापड आणि इपॉक्सी हवी. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवरही चांगली बसते. उलट, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. अरॅमिडला तर पॉलिएस्टर कधीच वापरू नये.

पंधरा सेंटिमीटरची चीर गृहीत धरू.

बोट गोड्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस कोरडी होऊ द्या. पावसाळ्यात आतून पंखा लावा. लॅमिनेटमध्ये ओल राहिली तर पॅच आठवडाभरात सुटतो. मग नाण्याने चिरेच्या आजूबाजूला ठोका. चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. बद्द वाजलेल्या भागाची सीमा मार्करने आखा. ती बहुतेक वेळा दिसणाऱ्या चिरेपेक्षा मोठी निघते, आणि दुरुस्ती त्या सीमेपर्यंत जायला हवी. चिरेपुरता पॅच मारणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. पुढच्या आघाताला पॅचच्या कडेलाच नवी चीर जाते.

आतली बाजू ६० किंवा ८० नंबरच्या कागदाने सीमेच्या पुढे तीन सेंटिमीटरपर्यंत खरवडा. आत अरॅमिड असेल तर हलक्या हातानेच, फक्त वरची रेझिनची चमक जाईल इतकं. धागे उभे राहिले की थांबा. बाहेरून चिरेकडे उतरता उतार द्या, २ मिलिमीटरच्या भिंतीला अडीच सेंटिमीटर रुंदीचा. धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून मास्क, हातात नायट्रिलचे मोजे. शेवटी ॲसिटोनने पुसून घ्या.

आतून दोन थर २०० ग्रॅमच्या काचेच्या कापडाचे आणि वर एक थर अरॅमिडचा. पहिला तुकडा ८ बाय २० सेंटिमीटर, दुसरा १२ बाय २४, अरॅमिडचा १६ बाय २८. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा पहिल्यांदा सुटतो. तिन्हींचं क्षेत्रफळ मिळून ९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे कापडाचं वजन जेमतेम १८ ग्रॅम. हाताने लावताना रेझिन कापडाच्या वजनाइतकंच लागतं. भांड्याला आणि ब्रशला लागणारं धरून ३० ग्रॅम मिश्रण पुरतं. डब्यावर वजनाने १०० ला ३० असं प्रमाण असेल तर २३ ग्रॅम रेझिन आणि ७ ग्रॅम हार्डनर. अंदाजाने ओतू नका, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला तर ती लवकर सुकत नाही, कायमची चिकट राहते.

वेळ संध्याकाळची निवडा. सकाळी काम केलं तर दिवस तापत जातो, लॅमिनेटमधली हवा फुगते आणि ओल्या पॅचमध्ये बुडबुडे उठतात. उतरत्या तापमानात हवा आत ओढली जाते आणि रेझिन भेगांत शिरतं. उन्हाळ्यात मिश्रण छोट्या भांड्यात साठवून न ठेवता पसरट ताटलीत ओता, नाहीतर स्वतःच्या उष्णतेने ते काही मिनिटांत दगड होईल. कापड पारदर्शक दिसेपर्यंत ब्रशने ठोका, वर जाड प्लास्टिकची फिल्म पसरून जुन्या एटीएम कार्डाने जास्तीचं रेझिन कडेला ओढून काढा. चोवीस तासांनी फिल्म सोला.

मग बाहेरून उतारात आधी अरुंद, मग रुंद असे काचेचे दोन-तीन थर, जुन्या पृष्ठभागाच्या पातळीला येईपर्यंत. बाहेर अरॅमिड नको. ते घट्ट झालं की एक-दोन दिवस उन्हात ठेवा, या वेळी ऊन कामाला येतं, कारण उष्णतेने इपॉक्सी पूर्ण पक्की होते. त्यानंतर पाण्याने धुऊन वरचा तेलकट पापुद्रा काढा, १२० आणि मग २४० नंबरने घासा आणि रंगीत पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारा. जेलकोट पॉलिएस्टरचा असतो, तो इपॉक्सीवर नीट बसत नाही.

पॉलिएस्टर वापरायचंच असेल, म्हणजे तलावावरच्या जुन्या काचेच्या बोटीला, तर हार्डनरचं प्रमाण हिवाळ्यात रेझिनच्या २ टक्के, मे महिन्यात १ टक्का ठेवा. हा हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट करणारा कोबाल्टचा ॲक्सिलरेटर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, त्याचा भडका उडतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, मगच दुसरा. डोळ्यांना चष्मा हवाच. हार्डनरच्या थेंबाने दृष्टी जाऊ शकते.

प्लास्टिकची दुरुस्ती

खड्डा सोपा आहे. बोट उन्हात तासभर तापवा, आतून हाताने किंवा लाकडी ठोकळ्याने बाहेर दाबा आणि दाबून धरूनच ओल्या फडक्याने थंड करा. दाब आधी सोडला तर खड्डा परत येतो.

चीर अवघड. दोन्ही टोकांना ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. लिनिअर असेल तरच पुढचं करा: इंग्रजी व्ही आकाराची खाच भिंतीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत घ्या, वरचा जुना काळवंडलेला थर ब्लेडने ताजा खरवडा आणि गरम हवेच्या गनने पॉलिएथिलिनचीच कांडी वितळवत भरा. गनच्या तोंडाशी २७० ते ३०० अंश पुरतात. तपकिरी रंग आला किंवा धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळलं आणि जोड ठिसूळ झाला. नागपुरात गाड्यांचे बंपर वेल्ड करणारे पुष्कळ आहेत, पण बंपर पॉलिप्रॉपिलिनचे असतात. त्यांच्याकडची कांडी पॉलिएथिलिनला वरून चिकटल्यासारखी दिसते आणि पहिल्या दगडाला सुटते. टाकी दुरुस्त करणाऱ्याकडे जा, किंवा त्याच बोटीच्या काठाच्या पट्ट्या कापून कांडी बनवा. तीन थरांच्या बोटीत गन जास्त वेळ धरली तर मधला फोम बसतो आणि खड्डा पडतो. तिथे वरच्या आणि खालच्या पापुद्र्यालाच जोडायचं.

क्रॉसलिंक्डला पॅच हाच मार्ग. खरवडलेल्या जागेवरून गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत दोन-तीनदा पटकन फिरवा. पाणी शिंपडल्यावर थेंब न होता पसरलं की जागा तयार. ती पुसून सुकवा आणि अर्ध्या तासाच्या आत चिवट, लवचिक जातीची इपॉक्सी आणि काचेचं कापड लावा. साधी इपॉक्सी इथे सोलून निघते. एबीएसच्या बोटीला ॲसिटोन लावू नका, ते विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि इपॉक्सी-कापडाचा पॅच मारा. ज्योतीची गरज नाही.

नदीवर न्यायला गच्चीच्या गळतीची ब्युटाइलची ॲल्युमिनियम टेप ठेवा. बोट कोरडी पुसली तर ती प्लास्टिक, फायबर दोन्हींवर दिवसभर टिकते.

जुनी बोट घेताना

आपल्याकडे खळाळाच्या जुन्या बोटी बहुतेक राफ्टिंग-कयाकिंगच्या ठिकाणांहूनच विकायला निघतात आणि त्यांत उघड्या कॅनो थोड्या असतात, त्यामुळे ‘मिळतेय ना, घ्या’ असा मोह होतो. तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पॉलिएथिलिनच्या काठाची खरवड लांब, वळणदार सालीसारखी निघायला हवी. ती भुग्यासारखी तुटत असेल तर उन्हाने प्लास्टिक मेलेलं आहे आणि वेल्डिंगही टिकणार नाही. अंधारात आतून टॉर्च लावा. फिक्या रंगाच्या बोटीत झिजलेली पातळ जागा उजळ दिसते. ती जवळजवळ नेहमी मागच्या टोकाच्या तळाशी असते, कारण लोक बोट तिथेच फरफटतात. सीटच्या बोल्टभोवतीचे बारीक तडे बघा. घासून वर उठलेले प्लास्टिकचे केसांसारखे धागे आणि ओरखडे मात्र मनावर घेऊ नका, ते ब्लेडने तासून निघतात.

फायबरची बोट आधी वजनाच्या काट्यावर ठेवा. सांगितलेल्या वजनापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरली तर मध्ये पाणी मुरलंय किंवा जाड मॅटच्या दुरुस्त्या झाल्या आहेत. आतून पांढऱ्या चांदण्यांसारख्या भेगा बघा, नाण्याने पूर्ण तळ ठोका. बंद डेकच्या सी-वनला तळ आणि डेक जोडणारी शिवण पूर्ण लांबीभर तपासा, ती सुटली तर काम मोठं असतं. तळाला एखाद-दुसरा नीट केलेला पॅच असणं वाईट नाही. लाकडी काठ असतील तर आपल्याकडे वाळवीचा धोका आहे. टोकदार टोच्याने दाबून पोकळ जागा शोधा.

टपावरून नेताना आणि घरी ठेवताना

उघडी कॅनो पालथी, काठांवर. दोन आडव्या दांड्या शक्य तितक्या लांब अंतरावर. बकलचे सपाट पट्टे वापरा. खटक्याने आवळायच्या रॅचेट पट्ट्याने फायबरचा काठ चिरडतो आणि प्लास्टिक उन्हात चेपतं. पुढच्या आणि मागच्या टोकाला बंपरपर्यंत वेगळी दोरी हवीच. उन्हाळ्यात प्लास्टिकची बोट नेताना दर थांब्यावर पट्टे बघा: प्लास्टिक मऊ होऊन दबतं, पट्टा सैल पडतो, आणि तो पुन्हा करकचून आवळला की खाच कायमची बसते. हाताने ताणून जेवढा बसेल तेवढाच पुरे.

घरी ती सावलीत, भिंतीला लागून, एका कुशीवर किंवा रुंद पट्ट्यांच्या झोळ्यांत टांगून ठेवा. झोळ्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या एक चतुर्थांशावर. एअरबॅग अर्ध्या रिकाम्या करा, कारण मे महिन्यात आतली हवा फुगून शिवण उसवते. सॅडल आणि पट्ट्यांतला गाळ धुऊन काढा, आणि पंधरा-वीस दिवसांनी एकदा बोटीची कूस बदला.